सत्यनारायणाच्या कृपेने वर्कलोड नाही

आदरणीय विभागप्रमुख सर,



यंदाची तासिका तत्त्वावरची ऑर्डर न दिल्याबद्दल आपले मनापासून आभार. नऊ वर्षं मी दर जूनमध्ये त्याच खुर्चीत बसून त्याच तीन माणसांना माझं नाव, गाव, सेट-नेट आणि पीएचडीचा विषय सांगत आलो. दर वर्षी आपण तो पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा केलात. निवृत्तीला आलेल्या माणसात एवढा ताजेपणा क्वचितच दिसतो.

यंदाचं कारण आपण दोनच शब्दांत सांगितलंत, 'वर्कलोड नाही.' पुढच्याच सोमवारी माझ्याच तासिकांवर एक नवा मुलगा रुजू झाला, म्हणजे वर्कलोड होता, फक्त माझ्यापुरता नव्हता. मुलगा चांगला आहे. कपाळाला गंध लावून येतो. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. त्याच्या वयाचा असताना मीही आपल्या केबिनबाहेर चप्पल काढत असे.

खरं कारण आपण कागदावर आणलं नाहीत, हे तर फारच थोर मन. आपण विसरला असाल, म्हणून गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो.

बऱ्याच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर विभागाला नवं यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळालं. आपण सत्यनारायण ठरवलात, तोही प्रयोगशाळेत, यंत्राशेजारी. 'जोडीनं बसायला कुणीतरी तरुण पाहिजे,' म्हणून मान मला दिलात. पर्मनंट मंडळींना त्या दिवशी कामं होती. हिनं लग्नातला शालू काढला. मी बसणार होतोच, सर. माझी आई एकादशी मोडत नाही, मी माहूरच्या गडावर पायी गेलेला माणूस आहे. फक्त जाताजाता म्हणालो, 'पूजा स्टाफरूममध्ये घेऊ, इथं कपाटात ईथर आहे.'

ईथर पस्तीस अंशाला उकळतं. नांदेडात एप्रिलची दुपार त्याला पुरून उरते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती ओट्यावरून सरपटत जाते आणि लांबवरची निरांजनंही शोधून काढते. हे मी आपल्याकडूनच शिकलो, एमएस्सीच्या पहिल्या वर्षी, ओटा क्रमांक तीन.

आपण हसून म्हणालात, 'देवाच्या कामात विघ्न आणू नये.' त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये माझी ओळख ठरली : पोरगा हुशार आहे, पण जरा नास्तिक आहे. गावाकडे आईला हे कळलं तेव्हा तिनं दोन दिवस माझ्याकडे संशयानं पाहिलं. माझ्या हातून राहिलेली एवढी मोठी वैचारिक प्रगती आपण एका वाक्यात करून दिलीत.

पूजा सुरेख झाली. यंत्राच्या झाकणावर हळदकुंकू, आत क्युव्हेट ठेवायच्या खाचेत अक्षता. आमचे लॅब असिस्टंट रोजे पाळणारे. त्यांना आपण शिरा वाटायला उभं केलंत, ही आपली सर्वधर्मसमभावाची व्याख्या विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहिली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आणि ते, दोघांनी मिळून अक्षता चिमट्यानं काढल्या. बेसलाइन तीन दिवस सरळ येईना.

एक आगाऊपणा केला, तोही कबूल करतो. झाकणावरचं थोडं कुंकू घेऊन त्यावर लिंबू पिळलं. अस्सल कुंकू म्हणजे हळदीला लावलेला चुना. आंबट लागलं की पुन्हा पिवळं पडतं. आपल्या कुंकवाचा रंग जराही ढळला नाही. निव्वळ बाजारी रंग! हळदीची पेठ वसमतला, इथून तासाभराच्या वाटेवर, आणि देवाला आपण नकली कुंकू वाहिलंत. पण विभागात आपल्याखालोखाल कायम असं तेवढंच निघालं, म्हणून मी ते पुसताना हात जोडले.

आपण नेहमी दाखला देता, 'इस्रोवाले सुद्धा तिरुपतीला जातात.' जातात. उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन अध्यक्ष देवदर्शन करून येतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. पण ते देवळात जातात, सर. इंधनाच्या टाकीजवळ कापूर लावत नाहीत.

उलटंही घडतं, हे आपल्याला आवडेल. अमेरिकेत वुड्स होलच्या समुद्रशास्त्र संस्थेत झेब्राफिशवर काम करणाऱ्या एका पोस्टडॉकनं सांगितलं, उत्क्रांती मला मान्य नाही. २००४ साली त्याची नोकरी गेली. तो कोर्टात गेला, खटला फेटाळला गेला. त्याच्याविषयी मला वाईट वाटतं, पण हेवाही वाटतो. त्याची श्रद्धा त्याच्या कामाच्या आड येत होती की नाही, यावर निदान वकील भांडले, कागद झाले. माझी श्रद्धा माझ्या कामाच्या आड आली नव्हती. माझं काम आपल्या श्रद्धेच्या आड आलं. त्यासाठी वर्कलोड हा शब्द पुरला. अमेरिकेला अजून बरंच शिकायचंय.

२० मे २०२५ ला खगोलशास्त्रज्ञ नारळीकर गेले. आपण श्रद्धांजली सभा घेतलीत, फोटोला हार घातलात, गंध लावलंत, उदबत्ती लावलीत. भाषणही झालं. त्यात एक गोष्ट वेळेअभावी राहिली असेल, ती मी भरून काढतो. २००८ साली नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या दाभोलकरांना सोबत घेऊन ज्योतिष्यांची परीक्षा घेतली होती. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येकाला चाळीस द्यायच्या आणि कुठली कुणाची ते ओळखायचं. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर पन्नास आली असती. सभा संपल्यावर आपण आमच्या मुलाखतींची वेळ राहुकाळ टाळून पावणेबाराची ठेवलीत. त्या शुभ वेळी माझी ऑर्डर गेली, म्हणजे मुहूर्त कुणाला तरी लाभलाच.

याच शहरात पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर उघडपणे नास्तिक म्हणून वावरले आणि त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. आपण तेव्हा त्यांच्यावर नेमलेले नव्हतात, हे त्यांचं नशीब. ते नशीब मानत नसत, म्हणून त्यांच्या वतीनं मी मानून घेतो.

आपल्याविषयी माझ्या मनात खरोखर कृतज्ञता आहे, ती एका जुन्या गोष्टीमुळे. माझं गाव औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून, गुलाल न धुताच माणसं झोपली होती. बावन्न गावं पडली. कुणी म्हणे विसर्जनात काही चुकलं, कुणी म्हणे पाप वाढलं. मग हैदराबादहून भूभौतिक संस्थेची माणसं आली आणि त्यांनी किल्लारीत भोक पाडायला घेतलं. ३३८ मीटर नुसता काळा बेसॉल्ट, त्याखाली थोडा गाळाचा थर, त्याखाली पार जुना खडक. सहाशे मीटरच्याही खाली गेले. गावात रडणं थांबलं नव्हतं आणि ही माणसं दगडाच्या कांड्या ओळीनं मांडून त्यांना नंबर देत होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, पाप मोजायचं सोडून असंही काही मोजता येतं. पुढे ही गोष्ट मी आपल्याला पीएचडीच्या तोंडी परीक्षेनंतर चहा पिताना सांगितली. आपले डोळे भरून आले होते. आपण तेव्हा म्हणालात, 'लेकरा, प्रयोगशाळा सोडू नको.'

ते तुम्ही मनापासून म्हणालात. माफ करा, आपण. नऊ वर्षांची सवय आजच कशी सुटली कोण जाणे.

आता थोडं माझ्या भक्तिमार्गाविषयी. आपल्या विभागानं मला जितकं देवाला लावलं, तितकं आईलाही जमलं नाही. २०२१ साली सरकारनं प्राध्यापकांच्या २,०८८ पदांच्या भरतीला परवानगी दिली, तेव्हा आम्ही दोघांनी माहूरच्या रेणुकेला नवस बोलला. पुढे कॉलेजची जाहिरात येण्यासाठी एक, ती आल्यावर मुलाखतीसाठी एक, आणि मुलाखतीआधी केबिनमध्ये ऐकलेला आकडा आमच्या बापाच्या रानापेक्षा कमी निघावा म्हणून एक. शेवटचा फळला नाही. आकड्यासाठी रान विकावं लागलं असतं आणि तरी गोठा उरला नसता. गुरुवारी उपास करणारे, शनिवारी तेल वाहणारे, संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला रक्तदान करणारे आम्ही सगळे तासिकावाले. देव न मानण्याची ऐपत विभागात फक्त एकाची होती, आपले दुसरे सर. ते १९९८ पासून पर्मनंट आहेत आणि आपल्या पूजेला कधीच येत नाहीत. आपण त्यांना काय बोललात, हे ऐकायला मी नऊ वर्षं थांबलो.

एकच विनंती. अनुभवाचा दाखला मिळावा. त्यावर 'वर्तणूक चांगली' असं लिहायचं की नाही, ते आपल्या श्रद्धेवर सोडतो.

आपला आज्ञाधारक,
तासिका क्रमांक ४, ५ आणि ७ (माजी)

ता. क. यंदाची पूजा जवळ आली असेल. यंत्राच्या खिडकीच्या काचेला पंचामृत लागलं तर नुसत्या पाण्यानं पुसू नका, तूप राहतं. कापसाच्या बोळ्यावर थोडं ॲसिटोन घ्या, हलक्या हातानं, एकाच दिशेनं. पण त्याआधी निरांजन विझवा. नव्या मुलाला ते कुणी सांगितलं नसेल.