उंच गड्याची सायकल

सव्वासहा फूट उंची, 110 किलो वजन आणि नगरहून करंजी घाटाने पाथर्डी गाठायची हौस. अशा गड्याला दुकानात काय मिळतं? लहान फ्रेम आणि सीटचा लांब दांडा. घाट उतरताना सामानासकट सांगाडा डोलू लागला की सल्ला ठरलेला: 'साहेब, वजन कमी करा.' नळीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होतं पण ताठपणा आठपट. हे सांगायला मात्र कुणाला सवड नाही. 1549 मध्ये याच नगरात 55 टनांची मलिक-ए-मैदान तोफ ओतली गेली. तिला कुणी डाएट सांगितलं नव्हतं. दूधवाल्याची काळी चोवीस इंची बघा, मागच्या चाकाच्या 40 आऱ्यांवर भरलेल्या किटल्या निमूट वाहते. कारागिरांनो, आधी तिची मापं घ्या.