एकट्याचा गोतावळा

नाशिककराला तंबूचं अप्रूप नाही. दर बारा वर्षांनी तपोवनात साधुग्राम उभं राहतं, तेव्हा अख्खं गावच कापडाखाली नांदतं. थंडीचंही कौतुक नाही. निफाडचा पारा चाराच्या खाली घसरला की पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. एवढ्या पुण्याईवर आमच्यातले काही जण हिमालयात निघतात, तेही एकट्याचा, किलोभर वजनाचा तंबू पाठीवर टाकून. "सोबत कोण?" असं घरचे विचारतात, तेव्हा त्यात काळजीपेक्षा कीवच जास्त असते.

कळसूबाईवर, 1646 मीटरवर, हा तंबू शहाण्या मुलासारखा वागतो. त्याच्या दुप्पट उंचीवर, केदारकंठ्याच्या वाटेवरच्या बर्फात मात्र त्याचे नखरे सुरू होतात. भुसभुशीत बर्फात खुंटी धरत नाही. मग पिशवीत बर्फ भरायचा, तिला दोरी बांधायची, ती आडवी पुरायची आणि वर नाचून बर्फ दाबायचा. घटकाभरात ती अशी घट्ट बसते की सकाळी उकरताना सगळे देव आठवतात. वारा लागतो म्हणून झरोके बंद केले, तर आपलाच श्वास कापडावर गोठतो आणि पहाटे नाकावर भुरभुरतो. तेव्हा झरोके उघडे ठेवून कुडकुडायचं, पण कोरडं राहायचं. आत स्टोव्ह पेटवायचा मोह तर नकोच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दयामायाही नसते.

राहता राहिला एकांत. स्लीपिंग बॅगेत शिरलो की एकेक जण दार ठोठावू लागतो. पाणी गोठेल म्हणून बाटली कुशीत. थंडीत बॅटरी मान टाकते म्हणून मोबाइल आणि हेडलॅम्प पोटाशी. ओलसर मोजे छातीवर. बूट सकाळी लाकूड व्हायला नकोत म्हणून तेही पिशवीत घालून पायाशी. गारठलेला गॅस सकाळी चहाला दगा देतो, म्हणून त्याचा डबाही मांड्यांमध्ये. आता कूस बदलायची म्हणजे आधी सगळ्यांची परवानगी काढायची. रात्री जाग आली की कोण उघडं पडलंय ते चाचपायचं, कुणाला आत ओढायचं, कुणाला जरा सरकवायचं. माणसांपासून इतकं लांब यावं आणि अंगावर कर्तेपण यावं!

एकट्याच्या तंबूत एकट्याच्या वाट्याला येतं ते फक्त ओझं वाहणं. झोपायला सगळे हजर असतात.