त्सिलरतालची भानगड

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवणार नाही. म्युनिकमधली आपली मराठी पोरं हाताबाहेर गेली आहेत. दारूबिरू नाही हो, ते एक वेळ समजून घेतलं असतं. ही पोरं डोंगरात राहायला जातात. शुक्रवारी लॅपटॉप मिटला, की पाठीवर बोचकं टाकून निघाली ऑस्ट्रियात, टिरोलमधल्या त्सिलरताल नावाच्या खोऱ्यात. तिथे दोन-अडीच हजार मीटरवरच्या एखाद्या ‘हट’मध्ये पंधरा अनोळखी माणसांच्या ओळीत आडवं व्हायचं, पहाटे उठायचं, दिवसभर दगडधोंडे तुडवत दुसऱ्या हटमध्ये पोचायचं आणि तिथे नव्या पंधरा जणांच्या ओळीत आडवं व्हायचं. वर याचे पैसे आपणच मोजायचे! कोथरूडमध्ये तीन बेडरूमचा फ्लॅट घेऊन ठेवलाय, तो कुलूपबंद.

तीन महिने लेकीकडे होते, म्हणून हे सगळं कानावर आलं. जुलैत कुणाच्या तरी बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला गेलो होतो. पूर्वी अशा ठिकाणी बायका व्हिसा, बालवाडी आणि चांगला हिंग कुठे मिळतो यावर बोलायच्या. यंदा एक जण दुसरीला दबक्या आवाजात विचारते, “तुमची ऑगस्टची मिळाली का?” मला वाटलं, डॉक्टरांची वेळ असेल. कसली डॉक्टरांची? खाट! नावाजलेल्या हटमधल्या शनिवारच्या खाटा म्हणे हिवाळ्यातच संपतात. गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट काढायला आपण जसे घड्याळ लावून बसतो, तशी ही मंडळी बाहेर बर्फ पडत असताना उन्हाळ्यातली खाट पकडायला बसतात. ज्या जोडप्याला मिळाली नव्हती त्यांच्याकडे बाकीच्यांनी असं पाहिलं, जणू घरात काहीतरी वाईट घडलंय.

मग सगळ्यांनी फोन काढले, आणि सगळ्यांच्या फोनमध्ये एकच फोटो. एक अरुंद झुलता पूल. पुलाच्या मधोमध आपलं माणूस, हात पसरून. पायाखाली खोल, पार खोल, हिरवंनिळं तळं आणि मागे बर्फाचे डोंगर. फक्त मधलं माणूस बदलायचं. कधी जोशी, कधी देशपांडे, एका ठिकाणी पैठणीचा पदर वाऱ्यावर सोडलेली नवी सून. माझ्या तर काळजात धस्स झालं. एवढी शिकलेली पोरं, घरी आईबाप वाट बघतायत, आणि हे दरीवर लोंबकळतायत!

“आई, तुम्ही एकदा बघाच येऊन,” जावई म्हणाले. जावयाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून गेले. हेही आले, पण ते फक्त खाण्याच्या आशेवर.

मायरहोफन हे खोऱ्यातलं शेवटचं मोठं गाव. तिथून पुढे टोल भरून घाट चढायचा. वाटेतले बोगदे असे अरुंद, की सिग्नल हिरवा होईपर्यंत समोरच्या गाड्यांना वाट द्यायची. वर पोचलो तर समोर तेच फोटोतलं पाणी. मी हात जोडणार, एवढ्यात जावई म्हणाले, “हे धरण आहे.” धरण! 1965 ते 1971 या काळात विजेसाठी बांधलेलं, 131 मीटर उंच भिंतीचं श्लेगाइसचं धरण. पाण्याचा तो जगावेगळा रंग येतो हिमनद्यांनी डोंगर घासून केलेल्या दगडाच्या पिठामुळे. म्हणजे ज्याच्यासमोर उभं राहून लोक निसर्ग निसर्ग करतात, ते आपलं पानशेतच, फक्त पीठ घातलेलं.

पाण्याची पातळी 1782 मीटर. आपली कळसूबाई 1646 मीटरची, म्हणजे गाडीचं दार उघडून पाय खाली ठेवला तेव्हाच मी महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच शिखराच्या वर उभी होते. हे वाक्य मी परत आल्यापासून बऱ्याच जणांना ऐकवलंय. गाडीचा भाग गाळून.

तिथून आम्हाला जायचं होतं ती ओल्पेरर हट 2389 मीटरवर. राहिली सहाशे मीटरची चढण, सिंहगड पायथ्यापासून चढावा साधारण तेवढीच. वाटेवर चुकायची सोय नाही, कारण दर थोड्या अंतरावर खडकावर लाल-पांढरा-लाल पट्टा रंगवलेला. ऑस्ट्रियाचा झेंडाच तो. देशभक्ती आणि दिशा एकाच डब्यातल्या रंगात उरकलीये. वाटेत गळ्यात घंटा बांधलेल्या गाई दिसल्या. मी सवयीने नमस्कार करायला पुढे झाले, तर लेकीने मला दंडाला धरून मागे ओढलं. वासरू असलेल्या गाईजवळ जायचं नाही म्हणे, अंगावर येते. लोक मेलेत, प्रकरण कोर्टात गेलंय आणि 2019 मध्ये सरकारने गाईंशी कसं वागावं याचे दहा नियम काढलेत. माझा नमस्कार कुठल्याच नियमात बसत नव्हता.

आता मुख्य भानगड. कान इकडे करा.

हटपासून चार पावलांवर तो पूल. पुलाआधी रांग. सत्यनारायणाच्या प्रसादाला असते तशी, सगळे भाविक आणि प्रत्येकाचं लक्ष पुढच्याच्या ताटात. आमचा नंबर यायला पाऊण तास लागला, तेवढ्यात मी सगळं पाहून घेतलं. एक मुलगी खडकाआड गेली आणि घामेजलेला टीशर्ट टाकून पांढरा पायघोळ झगा घालून आली. तिचे चिखलाने भरलेले बूट खडकावर तसेच उभे, आत कोंबलेल्या मोज्यांसकट. ती अनवाणी पुलावर गेली, क्षितिजाकडे पाहत उभी राहिली, आणि तिचा मित्र इकडे गुडघे टेकून, मान वाकडी करून, जवळजवळ लोटांगण घालून फोटो काढत होता. एवढा खाली का बसला असेल, म्हणून मी जरा बाजूला झाले आणि पुलाखाली डोकावले.

खाली गवत होतं! गवत, चार धोंडे आणि एक ओहोळ. आमच्या सोसायटीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून तुळस दिसावी तितक्या अंतरावर. तळं कुठे, तर समोर दूरवर, सहाशे मीटर खाली. फोटो काढणारा खाली बसला आणि कोन साधला, की मधलं गवत गायब होतं आणि पूल थेट तळ्यावर टांगल्यासारखा दिसतो. बस. एवढ्यावर हे सगळं प्रकरण. त्या पैठणीवाल्या सुनेच्या सासूबाईंनी हा फोटो बघून म्हणे नवस बोलला होता.

“अगं, पण हे सगळ्यांना माहीत आहे?” मी लेकीला विचारलं.

“माहीत आहे गं. सांगत नाही कुणी.”

बघा. आणि आपण म्हणतो, परदेशात एकी नाही.

त्या रात्री कुठल्या हटमध्ये राहिलो ते मात्र विचारू नका. भली माणसं आहेत, उगाच नाव कशाला घ्या. पण वसतिगृहाच्या रेक्टरबाई परवडल्या, असे नियम. दारातच बूट उतरवायचे आणि बुटांच्या खोलीत ठेवायचे. त्या खोलीचा वास मी शब्दांत सांगणार नाही. खमंग चर्चेलाही मर्यादा असते. घरात घालायच्या सपाता आपल्या आपण आणायच्या. पांघरूण ते देतात, पण त्याच्या आत शिरायची कापडी पिशवी घरून न्यायची. दाराशी एक वही, तिच्यात नाव आणि उद्या कुठे जाणार ते लिहायचं. कुणी हरवलं तर शोध कुठून सुरू करायचा ते कळावं म्हणून. कचरा ज्याचा त्याने खाली न्यायचा. रात्री दहाला चिडीचूप. ह्यांना डुलकीच दहाला लागते, आणि लागली की त्यांचं घोरणं सुरू होतं. पलीकडच्या जर्मन बाईंनी शांतपणे कानात बोळे घातले. बोळे त्या घरूनच घेऊन आल्या होत्या, म्हणजे जगात सगळीकडे ‘हे’ असतातच. पहाटे पाचला मात्र कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरचुरवायला लागलं, आणि ती चुरचुर त्या घोरण्याहून भयंकर निघाली.

आणखी एक अनाचार. जर्मनमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा आपल्यासारखाच काटेकोर हिशेब असतो. ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारी बसणारी माणसंही कधी कधी एकमेकांना अहोजाहो करतात. पण एक हजार मीटरच्या वर ‘तुम्ही’ संपतं, असा डोंगरातला रिवाज. वर सगळे अरेतुरे. डॉक्टर, सुतार, आजोबा, कुणीही. जेवण वाढणाऱ्या विशीतल्या पोराने ह्यांना सरळ ‘तुला काय आणू?’ विचारलं. जर्मन येत नसल्यामुळे ह्यांना पत्ताच लागला नाही, आणि लेकीने भाषांतर करताना ‘तुम्हाला’ घातलं. मी जावयांना म्हटलं, आता आपणही इथे अरेतुरे करायचं का? ते बिचारे घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “आई, तुम्हाला सूप घ्यायचंय ना?”

खाण्याबद्दल बोलायचं तर कायझरश्मार्न नावाचा एक प्रकार आहे. गोड जाड धिरडं करायचं, तव्यातच त्याचे तुकडे पाडायचे, मनुका घालायच्या, वर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखाराचा मुरांबा. नावाचा अर्थ जवळजवळ ‘बादशाही भलतंच काहीतरी’. आमच्याकडे मोडलेल्या धिरड्यावरून सून बोलणी खाते. तिथे तोच पदार्थ बादशहाच्या नावाने विकतात. ह्यांनी दोन वेळा घेतलं. मी मात्र चहापूड आणि आलं पिशवीत बांधून नेलं होतं, कारण हटच्या दरपत्रकात चहासाठी नुसतं उकळतं पाणीही विकत मिळतं. पाणी विकत, हे ऐकून मी आधी भडकले. मग कळलं, की वर येणारा प्रत्येक बटाटा कुठे सामानाच्या रोपवेने येतो, तर कुठे हेलिकॉप्टरने. हेलिकॉप्टरने आलेला बटाटा ताटात टाकायची माझी हिंमत झाली नाही.

याच खोऱ्यात बर्लिनर हट आहे. 1879 साली बांधलेली, दोन हजार मीटरच्या वर. कुणी बांधली? बर्लिनच्या लोकांनी! हे हट बांधणाऱ्या अल्पाइन क्लबांची पद्धतच तशी. सपाट मुलखातल्या शहरातल्या शाखेने उठायचं आणि टिरोलच्या डोंगरात आपल्या नावाचं घर उभारायचं. आणि घर म्हणजे काय, तर लाकडी नक्षीचा उंच दिवाणखाना, झुंबरं. एके काळी तिथे पोस्ट होतं, चांभार होता, फोटो धुवायची अंधारखोली होती. 1997 पासून ती सरकारी यादीत जपलेली वास्तू आहे. म्हणजे फोटोचं वेड आजकालच्या पोरांनी आणलं, हेही खोटंच. तेव्हाचे साहेब तर फोटो वरच धुऊन घेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडून पुढे गेलो. पुलानंतर गर्दी संपते. रांगेतली बहुतेक मंडळी तिथूनच माघारी फिरतात. साधारण दोन तास खडकांतून चाललं, की जवळजवळ 2500 मीटरवर फ्रीझेनबेर्गहाउस लागतं. दगडी, उंच, जरा एकटं घर. जावयांनी त्याची गोष्ट सांगितली, आणि तिच्यात मला चेष्टेला जागा सापडली नाही. 1924 साली जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबने व्हिएन्नाची डोनाउलांड ही शाखा हाकलून दिली, कारण तिचे बरेचसे सभासद ज्यू होते. कित्येक हटच्या दारांवर ज्यूंना मज्जाव होता. मग डोनाउलांडने आणि बर्लिनमधल्या तशाच एका बाहेर पडलेल्या संघटनेने मिळून हे घर बांधलं, आपल्या माणसांना कुठेतरी खाट मिळावी म्हणून. पुढे नाझींनी बर्लिनची संघटना बंद पाडली आणि घर हिसकावून घेतलं. आज ते असहिष्णुता आणि द्वेष यांच्याविरुद्ध लोकांनी एकत्र यायची जागा म्हणून ओळखलं जातं. मी बाकावर बसून चहा केला. शनिवारची खाट मिळाली नाही म्हणून हळहळणारं ते जोडपं आठवलं, आणि उगाचच चहात आलं जास्त पडलं.

तर असं हे सगळं. गुडघे अजून बोलतायत. पुढच्या ऑगस्टचं काय, असं लेक विचारत होती. मी म्हटलं, बघू. मग हळूच विचारलं, बुकिंग नक्की कधी उघडतं ते.

आणि हो, पुलावरचा माझाही एक फोटो आहे. जावयांनी काढला, गुडघे टेकून, मान वाकडी करून. परत आल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप आला, “बाई गं, जीव मुठीत धरून उभी राहिली असशील!”

मी फक्त हात जोडलेलं चित्र पाठवलं.