मावा केकची शोकसभा

२०१४च्या मार्चमध्ये ग्रँट रोड स्टेशनसमोरचं, १९१४ सालचं इराणी हॉटेल ‘बी. मेरवान’ बंद होणार अशी बातमी आली आणि अख्ख्या मुंबईला एकदम बालपण आठवलं. वर्षानुवर्षं ज्यांचा नाश्ता भलतीकडेच होत होता, तेही पहाटे मावा केकच्या रांगेत! संगमरवरी टेबलावर चहा निवत होता. फोटो काही संपेनात. पंचाईत पुढेच झाली. थोड्याच दिवसांत मेरवान पुन्हा उघडलं. आता इतक्या भरल्या गळ्यानं वाहिलेली श्रद्धांजली परत घ्यायची कशी? (धोबी तलावचं ‘बास्तानी’ त्या मानानं सभ्य, मिटलं ते मिटलंच.) मेरवानच्या मालकांना तेव्हाच कुणीतरी सुचवायला हवं होतं: शेठ, दर मार्चला बंद होत जा, गल्ला बरा जमेल.