मंगळवार, साडेसात, तळमजला

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या, मीटिंगांची यादी माझ्यासारख्याच्या हाती दिली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. पहिलं पान माझ्या मनोगताला जाईल, दुसरं आभाराला. मग ‘शनीवार’चा दीर्घ ‘नी’ ऱ्हस्व करण्यात आठवडा जाईल आणि शुद्धलेखनाचं समाधान चेहऱ्यावर झळकेल. ती शनिवारची मीटिंग केव्हाच रविवारी गेली आहे, हे मात्र कुणी बोलायचं नाही. यादी जितकी जाड तितका संपादक मोठा, ही आमची श्रद्धा. माझं म्हणणं नेमकं या श्रद्धेविरुद्ध, म्हणजे बहुतांशी माझ्याच विरुद्ध आहे. मीटिंगच्या यादीत चुकीची नोंद असण्यापेक्षा नोंद नसलेली बरी. जिची खात्री होत नाही ती काढावी, आणि उरलेल्या प्रत्येकीपुढे ती शेवटची कधी तपासली याची तारीख छापावी.

ही यादी शिळी होते ती कुणाच्या आळसामुळे नव्हे, तर संघटनेच्या घडणीमुळे. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलेलं हे काम 1957 पासून भारतात चालू आहे, पण त्याला मालक नाही. दोनतीन जण दारू सोडायच्या इच्छेनं एकत्र बसले की ग्रुप झाला, आणि प्रत्येक ग्रुप आपल्यापुरता मुखत्यार. सेक्रेटरीचं काम आळीपाळीनं फिरतं, त्यामुळे यादीतला फोन उचलणाऱ्यानं ते काम केव्हाच दुसऱ्याकडे दिलेलं असतं. बाहेरची देणगी घ्यायची नाही, म्हणून जागा बहुधा भाड्याची किंवा मागून घेतलेली: शाळेचा वर्ग, नाहीतर चर्चचा हॉल. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागते, वर्गात मतदान केंद्र येतं, मुख्याध्यापक बदलतात. आणि ‘माहिती सात दिवसांत सादर करावी’ असं फर्मावणारा वरिष्ठ कुठंच नाही. यादी करणाऱ्यानं फक्त विनंती करायची! परिपत्रकाची भाषा ज्याच्या रक्तात आहे त्याला हे किती जड जाईल, याचा विचार संस्थापकांनी केलेला दिसत नाही.

त्यात आपले पत्ते. मुंबईतली शेवटची ट्राम 1964 साली धावली, तरी माणसं अजून दादर टीटीला, म्हणजे ट्राम टर्मिनसलाच, उतरतात. त्या चौकाचं कागदोपत्री नाव खोदादाद सर्कल आहे, हे टॅक्सीवाल्याला सांगून पाहा. स्टेशन 2018 मध्ये प्रभादेवी झालं, पण वाट सांगणाऱ्याच्या तोंडी एल्फिन्स्टनच. तालुक्याच्या गावी तर ‘जुन्या स्टँडमागे’ हा पत्ता अजरामर. नवा स्टँड पाडून तिसरा बांधला तरी जुना स्टँड जुनाच राहतो. ‘टॉकीजसमोर’ म्हणावं तर टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय. 1972 साली पिन कोड आला. पण तो कळतो पोस्टमनला, आणि पोस्टमनला आधीच सगळं ठाऊक असतं. या विषयावर मी दिवाळी अंक भरवू शकेन, पण अडचण अशी की हे पत्ते फक्त ज्याला पत्त्याची गरज नाही त्यालाच समजतात. मीटिंगला पहिल्यांदा येणारा पुष्कळदा मुद्दाम दूरचं उपनगर निवडतो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. त्यानं पानवाल्याला काय विचारायचं? ‘दारू सोडायची मीटिंग कुठं हो?’ म्हणून पत्ता असा हवा की कुणालाही न विचारता पोचता येईल: कुठलं फाटक, कितवा मजला, कुठली खोली. आणि मीटिंग क्लोज्ड असेल, म्हणजे फक्त पिणाऱ्यांसाठी, तर तेही लिहा. नाहीतर सोबत आलेली बायको बाहेर बाकावर.

‘फोन करून विचारतील की,’ हा पहिला आक्षेप. विचारणारे विचारतात. पण ज्याला इथवर आणायला घरच्यांना अनेक वर्षं लागली, तो सव्वासात वाजता कुलूप लावलेल्या फाटकाशी उभा आहे, बायकोच्या मुठीत घडी घातलेली चिठ्ठी आहे, आणि वॉचमन म्हणतोय, ‘ते लोक? ते नाय येत आता हितं.’ तो दुसरा फोन करणार नाही. त्याला सुटल्यासारखं वाटेल: ‘बघ, मी तर आलो होतो.’ कोपऱ्यावरच्या बारची वेळ मात्र कुठल्याही यादीविना अचूक असते. इथं माझा विनोद संपतो आणि जाड यादीचा राग येतो.

छोटे ग्रुप यादीतून पुसले जातील, ही भीती खरी आहे. मार्च 1941 मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये एएवर एक लेख आला आणि दोन हजारांच्या आसपास असलेले सभासद वर्षअखेर आठ हजारांच्या घरात गेले, छापील अक्षरात एवढं बळ असतं. पण त्या अक्षरांपलीकडे कुणीतरी खरंच हजर होतं. म्हणून काढण्याआधी एखाद्या सभासदानं त्या मीटिंगला जाऊन यावं. दोघंच बसलेले दिसले तरी नोंद राहू द्यावी. अनामिकतेचाही भंग होत नाही, कारण खात्रीला कुणाचं नाव लागत नाही. वार, वेळ आणि उघडं दार पुरतं.

तुमच्या दवाखान्यात, सोसायटीच्या फळ्यावर किंवा चर्चच्या दाराशी असा कागद लावलेला असेल, तर त्यावर तारीख आहे का पाहा. नसेल तर दिलेल्या नंबरावर या आठवड्यातच फोन लावा, आणि कुणी उचलला नाही तर दुसरा, तपासलेला कागद मिळेपर्यंत तो काढून ठेवा.