आभाळाचा नंबर

जानेवारीत गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकाला बर्फाच्या आधी गॉगलवाला भेटतो. टंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कालच कुणाच्या तरी घामाने भिजलेला ओव्हरकोट अंगावर चढेपर्यंत तो गाडीच्या खिडकीशी हजर असतो. मनगटापासून कोपरापर्यंत गॉगलच गॉगल: निळे, सोनेरी, जांभळे, आरसेवाले. प्रत्येकावर ‘युव्ही ४००’चं चकचकीत स्टिकर. यातली बरीचशी स्टिकरं संध्याकाळी हॉटेलात स्वेटरला चिकटलेली सापडतात.

ठाण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी महिनाभर अभ्यास करून घरूनच गॉगल आणला होता. बाहेरून नारिंगी आरसा, आतून मिट्ट काळा. काच जितकी काळी तितकं डोळ्यांचं भलं, हा त्यांचा सिद्धान्त. डब्यात आणखी एक फिकट गुलाबी काच होती. ती ‘लेडीज’ असावी असं समजून त्यांनी ती ठाण्यातच कपाटात ठेवली होती.

स्की गॉगलच्या फ्रेमवर किंवा काचेच्या कडेला, नाकाशी धरल्याशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत, ‘एस’ आणि पुढे एक आकडा असतो. चष्म्याचा नंबर डोळ्यांचा असतो, हा आभाळाचा. एस-० काच बाहेरचा ८० टक्क्यांहून जास्त उजेड आत सोडते, एस-१ ४३ ते ८०, एस-२ १८ ते ४३, एस-३ ८ ते १८ आणि एस-४ जेमतेम ३ ते ८ टक्के. एस-४ लावून गाडी चालवू नये असा स्पष्ट इशाराच असतो. गृहस्थांचा गॉगल अर्थातच एस-४ होता. परीक्षेत वरचा नंबर काढायची सवय इथेही नडते.

काळेपणाचा आणि अतिनील किरणांचा मात्र थेट संबंध नाही. चांगल्या गॉगलची पॉलिकार्बोनेटची काच फिकट असली, तरी हे किरण अडवते. उलट काच नुसतीच काळी असेल, तर डोळ्याची बाहुली अंधार पडला असं समजून मोठी होते आणि किरणांना दार उघडून देते. बर्फात हा मामला गंभीर आहे. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे मार वरूनही आणि खालूनही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोला या रोपवेचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या अंगावर आणखी तेराशे मीटर वर नेऊन सोडतो. तिथे दिवसभर उघड्या डोळ्यांनी हिंडलेल्याला लगेच काही होत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागतं, पाणी थांबत नाही आणि दिवा सहन होत नाही. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांनी यावर फार पूर्वीच उपाय काढला. लाकूड, शिंग किंवा हस्तिदंताची पट्टी आणि तिला डोळ्यांसमोर आडवी चीर. काचच नाही, म्हणून धुकं धरत नाही, ओरखडे पडत नाहीत आणि वॉरंटी कार्ड सांभाळावं लागत नाही.

पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि गृहस्थांचे फोटो झकास आले. दुसऱ्या दिवशी आभाळ उतरून थेट उतारावर बसलं. स्की शिकवणाऱ्या काश्मिरी पोराने त्यांच्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “सर, ये तो धूप का चश्मा है. आज धूप किधर है?”

स्की करणाऱ्यांच्या बोलण्यात अशा उजेडाला ‘फ्लॅट लाइट’ म्हणतात, आणि गॉगलचं सगळं शास्त्र या एका ठिकाणी येऊन अडतं. बहुतेकांना वाटतं की ढगाळ दिवशी उजेड कमी असतो. उजेड भरपूर असतो. त्या उजेडात बर्फावर बसून आरामात पेपर वाचता येईल. कमी असते ती सावली. उन्हाच्या दिवशी सूर्य एका बाजूला असतो, त्यामुळे प्रत्येक उंचवट्याच्या दुसऱ्या अंगाला काळसर कड उमटते आणि डोळा त्या कडांवरून जमीन वाचतो. ढग आले की उजेड सगळीकडून सारखाच येतो. बर्फ तो परत उडवतो, ढग पुन्हा खाली ढकलतात आणि सावल्या पुसल्या जातात. पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी काढावी, तसे सगळे खड्डे-उंचवटे जागच्या जागी असतात. फक्त दिसत नाहीत.

क्षितिज नाहीसं झालं की मेंदूही गोंधळतो. वारा बर्फाची भुकटी पायांजवळून वाहत नेतो आणि माणसाला वाटतं, आपणच घसरतोय. गृहस्थांनी झटकन गुडघे वाकवले, शिकवल्याप्रमाणे स्कीची टोकं जुळवून ‘व्ही’ केला, ब्रेक लागत नाही म्हणून आणखी वाकले आणि आडवे झाले.

“सर,” पोरगा त्यांना हात देत म्हणाला, “आप तो रुके हुए थे.”

गृहस्थांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, मात्र सकाळीच त्या पोराकडून पिवळ्या काचेचा एक गॉगल भाड्याने घेतला होता. फिकट, एस-१. गृहस्थ तेव्हा हसले होते. आता बाई दहा-बारा फूट पुढे उभ्या राहून सांगत होत्या, “अहो, इकडे वळा. तिकडे खड्डा आहे.”

पिवळी, गुलाबी, अंबर रंगाची काच निळा उजेड कमी करते. धुक्यात-ढगांत पसरलेला उजेड निळसर असतो. तो थोडा छाटला की उरलेल्यातला फिका-गडद फरक जरा उठून दिसतो. ओकली कंपनीचं प्रिझम, स्मिथ कंपनीचं क्रोमापॉप या काचा याच्या पुढे जाऊन रंगांच्या नेमक्या पट्ट्याच गाळतात. फरक पडतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. नसलेली सावली कुठलीच काच पैदा करू शकत नाही. म्हणून जाणकार अशा दिवशी काच बदलतात आणि जागाही बदलतात. वरचा उघडा उतार सोडून खाली झाडीत येतात. सूचिपर्णी झाडांची काळी खोडं दिसली की डोळ्यांना वर-खाली, जवळ-लांब कळायला लागतं.

‘मग एकच काच सगळ्याला चालेल अशी नाही का?’ हा आपल्याकडचा हक्काचा प्रश्न. आहे. फोटोक्रोमिक काच उन्हात काळी होते आणि सावलीत फिकी. मात्र थंडीत ती जास्त काळवंडते आणि फिकी व्हायला जास्त वेळ घेते. स्कीवरचा माणूस उन्हातून ढगात शिरतो तो काही सेकंदांत. दुसरा मार्ग चुंबकाने चिकटणाऱ्या दोन काचांचा. हातमोजे न काढता खटकन बदलता येतात. अट इतकीच की दुसरी काच खिशात हवी, कपाटात नको. एकावरच भागवायचं असेल तर प्रस्तुत लेखक एस-२च्या बाजूने मत देईल. कडक उन्हात डोळे थोडे बारीक करावे लागतील, पण निदान उभ्याउभ्या पडणार नाही.

ढगांनंतरचा दुसरा शत्रू म्हणजे आपलाच श्वास. त्याचा बंदोबस्त केला दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरने. अमेरिकेत आयडाहोमधल्या सन व्हॅलीच्या बॉब स्मिथने १९६५ साली दोन काचा, मध्ये बंद हवा आणि कडेने हवा खेळवणारा फोम असा गॉगल बनवला. आतली काच उबदार राहते, म्हणून तिच्यावर वाफ जमत नाही. आजही गॉगलची मूळ रचना हीच आहे. तिचा पराभव करायला गॉगल घामेजल्या कपाळावर चढवून कहवा पीत बसलं की पुरे. नंतर आत साचलेलं धुकं अंगठ्याने खसाखसा पुसलं की आतला नाजूक लेपही जातो. ओली काच मऊ फडक्याने टिपायची असते. गृहस्थांनी दोन्ही गोष्टी केल्या. शिवाय आत नंबरचा चष्मा होता, तोही धुरकटला. चष्म्यावरून घालायचे गॉगल वेगळे मिळतात. आत जागा जास्त, कडेच्या फोमला दांड्यांसाठी खाच. महिनाभराच्या अभ्यासात तो धडा आला नसावा.

तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं. ताज्या बर्फावर इतकं ऊन पडलं की पिवळ्या काचेतून बघणं अशक्य झालं. बाईंनी शांतपणे हात पुढे केला. गृहस्थांनी अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी सुचवली. तोवर बाईंनी स्ट्रॅप आपल्या मापाचा करून घेतला होता.