शोकेसमधला सेट

शेवगावला आमच्या आत्याच्या घरी पाहुण्याची किंमत चहा उकळायच्या आत ठरते. शेतावरच्या गड्याला पेला, शेजारणीला स्टीलचा कप, मास्तरांना साधी पांढरी कपबशी. सोनेरी काठाचा, गुलाबाच्या फुलांचा सेट शोकेसमधून निघतो तो फक्त फौजदार, नवे जावई आणि सोयरिकीला आलेल्यांसाठी. कापसाची पट्टी बरी आली त्या वर्षी मामांनी तो नगरहून एसटीत मांडीवर धरून आणला. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं नाही, हेच नवल.

स्टीलचं बरं असतं. नाव, तारीख, 'यांजकडून सप्रेम भेट', सगळं कोरलेलं. पातेलं फळीवर पालथं असलं तरी ऐपत वाचता येते. चिनी मातीवर नाव घालायला गेलं तर तुकडेच हातात यायचे. म्हणून मग ती काचेआड, बाहेरच्या खोलीत, दारातून दिसेल अशी.

कपावरून माणसाची पायरी ठरवायची खोड आमची जुनीच. गावोगावच्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी असायची, चहा झाला की त्यांनीच विसळून ठेवायची. तिला सोनेरी काठ नव्हता. हिशेब हाच होता.

राजेलोकही यातून सुटले नाहीत. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने सोनं करून दे म्हणून ब्योटगर नावाच्या किमयागाराला कोंडून घातलं. सोनं राहिलं बाजूला, चिनी माती साधली, आणि १७१० साली माइसेनला कारखाना निघाला. तरी हौस भागेना. १७१७ मध्ये त्याने आपले ६०० सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन १५१ चिनी भांडी घेतली! मी हे आत्याला सांगितलं. तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. "सहाशे जणांना दोन टाइम चहा पाजण्यापरीस बरं की," ती म्हणाली.

दिवाळीनंतर धाकटीला बघायला गेवराईकडचे पाहुणे आले. सेट निघाला. मुलाच्या आईने चहा बशीत ओतला, फुंकर घालून सावकाश प्यायला, आणि रिकामी बशी उलटी करून बुडाचा शिक्का वाचला. आत्या पदर सावरत त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आमच्याकडं रोजच्याला असलेच कप असत्यात," बाई म्हणाल्या.

खोलीत कुणी बोलेना. मामांनी उगाच पंख्याचं बटण फिरवलं. आत्याने ट्रे उचलला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "मंग आता किती उरलेत वो?"